फक्त ओळखीवर झालेली शिक्षा अपिलात टिकते का?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या धाकट्या दिराला सत्र न्यायालयाने भादंविच्या कलम ३९७ खाली सात वर्षांची सक्तमजुरी दिली. रात्री स्कूटरवरून घरी निघालेल्या एका जोडप्याला तिघांनी अडवलं, चाकू दाखवला, मंगळसूत्र आणि पाकीट घेऊन ते पळाले. जोडप्याने त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. दिराला अटक झाली तीन आठवड्यांनी आणि जेलमध्ये तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली त्यानंतर महिनाभराने. मधल्या काळात पोलिसांच्या पत्रकार परिषदेचा फोटो सांजदैनिकात छापून आला होता. मंगळसूत्र त्याच्याकडून जप्त केल्याचं कागदावर आहे. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात अपील दाखल आहे. ताईंचे प्रश्न तीन: परेडच चुकीची होती तर शिक्षा रद्द होईल का, फिर्यादी बाई सज्जन आहे, ती खोटं कशाला बोलेल, आणि अपील गेलं तर पुढे काय.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरच घरोघरी गैरसमज असतो. परेड सदोष होती एवढ्यानेच शिक्षा रद्द होत नाही. कायद्याच्या नजरेत परेड हा मूळ पुरावाच नाही. साक्षीदार न्यायालयात उभा राहून, आरोपीकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणतो तो मूळ पुरावा, आणि परेड त्याला फक्त बळकटी देते. सर्वोच्च न्यायालयाने बुधसेन प्रकरणात १९७० मध्ये हे स्वच्छ सांगितलं आणि ते आजही कायम आहे. त्यामुळे सरकारी वकील लगेच म्हणतात, परेड बाजूला ठेवा, बाईंनी कोर्टात तर ओळखलं ना? आणि ते आपल्याच मध्य प्रदेशातल्या मलखानसिंह प्रकरणाचा २००३ चा निकाल पुढे करतात. त्यात परेड झालीच नव्हती, तरी पीडितेने कोर्टात केलेली ओळख मान्य झाली, कारण तिला आरोपींना नीट पाहायला पुरेशी संधी मिळाली होती.

मग आपल्या हातात काय उरतं? उरतं ते असं, की अनोळखी माणसाला घटनेनंतर वर्ष-दोन वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात पाहून ओळखणं ही फार कमकुवत गोष्ट आहे. पिंजऱ्यात दुसरं कोण उभं असणार? दाना यादव प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की आधी परेड नसताना पहिल्यांदाच कोर्टात केलेल्या ओळखीवर सहसा शिक्षा उभी करू नये, अपवादाला कारण लागतं. म्हणजे परेड पडली तर कोर्टातली ओळख आपोआप पडत नाही, पण तिचा आधार जातो, आणि मग ती एकटी उभी राहू शकते का हे तपासावं लागतं. अपिलाचा मुद्दा लिहिताना या दोन पायऱ्या वेगळ्या लिहायला हव्यात. बरेच वकील पहिल्या पायरीवरच थांबतात, 'टीआयपी (म्हणजे ओळख परेड) बेकायदा' असं मोठ्या अक्षरात लिहितात, आणि निकालात उत्तर येतं की परेड नसली तरी कोर्टातली ओळख आहे.

आता माझं खरं म्हणणं. परेडचा पंचनामा हा तुमच्या फायलीतला सगळ्यात कमी उपयोगाचा कागद आहे. तो नेहमी छान असतो. एवढे मिसळलेले बंदी, सगळे सारख्या वयाचे, सारख्या बांध्याचे, साक्षीदाराने डोक्यावर हात ठेवून ओळखलं, पोलीस हजर नव्हते, खाली सही-शिक्का. छापील फॉर्मच असतो, त्यात दोष कसा दिसणार? दोष असतो तो घटनेपासून परेडपर्यंतच्या दिवसांत. त्या दिवसांत आरोपीचा चेहरा कुणी, कुठे, कसा पाहिला, याचा हिशोब मांडायचा असतो. तुमच्या दिराच्या प्रकरणात हे जवळजवळ पन्नास दिवस आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाचा कुठे ना कुठे कागद असतो.

सुरुवात एफआयआरपासून करा. बाईंनी त्या रात्री काय वर्णन दिलं? 'तीन मुलं, २० ते २५ वर्षं, सावळे, मोटारसायकलवर' एवढंच असेल तर ते वर्णन अर्ध्या इंदूरला लागू पडतं. कानात बाळी, तुटलेला दात, हातावरचं गोंदण, बोलण्याची धाटणी, असं काही सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ते दिराला लागू पडतं का? इथे एक कागद कुणी मागवत नाही: जेलमध्ये दाखल करताना बंद्याच्या अंगावरच्या खुणा रजिस्टरमध्ये नोंदतात. त्याच्या भुवईवर ठळक व्रण असेल, आणि हातभर अंतरावरून पाहिलेल्या बाईंनी आधीच्या कुठल्याच जबाबात त्याचा उल्लेख केला नसेल, तर तो मुद्दा परेडच्या दहा दोषांपेक्षा वजनदार आहे. एफआयआरमध्ये 'समोर आले तर ओळखेन' हे वाक्य आहे की नाही, हेही बघा. नसेल तर ते पुढच्या जबाबात कोणत्या तारखेला उगवलं, ती तारीख अटकेच्या आधीची की नंतरची?

दुसरा कागद म्हणजे पोलीस तुमच्या दिरापर्यंत पोहोचले कसे. बहुतेक चालानांत, म्हणजे दोषारोपपत्रांत, उत्तर एकच असतं, 'मुखबिराच्या (खबऱ्याच्या) सूचनेवरून'. मुखबिराचं नाव कधी येत नाही आणि त्याचं म्हणणं पुरावा नसतो. म्हणजे ओळखीआधी त्याला या गुन्ह्याशी जोडणारं स्वतंत्र असं काहीच नव्हतं. न्यायालयाला हे दाखवणं फार महत्त्वाचं, कारण माणूस आधी पकडला आणि ओळख नंतर त्याच्यावर बसवली, असा क्रम दिसला की न्यायमूर्ती वाचनाचा वेग कमी करतात. याच ठिकाणी सीसीटीव्हीचा प्रश्न येतो. इंदूरच्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत. फुटेज तपासलं होतं का, तपास अधिकाऱ्याने उलटतपासात काय सांगितलं? फुटेज होतं पण हजर केलं नाही, असं निघालं तर तोमासो ब्रुनो प्रकरणाचा २०१५ चा निकाल लावता येतो. वाराणसीच्या हॉटेलमधलं ते प्रकरण होतं, आणि उत्तम पुरावा हातात असून दडवला तर तो विरुद्ध जाणारा होता असं अनुमान काढता येतं, असं त्यात म्हटलं आहे. फुटेज हजर केलं असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडलं आहे का ते पाहा. आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालाने २०२० मध्ये ती अट पक्की केली आहे.

मग येतो तो काळ ज्याला आमच्याकडे 'बापर्दा' म्हणतात. अटक केल्यापासून परेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा झाकलेला ठेवायचा असतो, म्हणजे साक्षीदाराने त्याला मधेच पाहू नये. ही गोष्ट सरकार पक्षाने सिद्ध करायची असते, आणि ती तोंडी सांगून होत नाही. गिरफ्तारी पंचनाम्यात 'बापर्दा ठेवलं' अशी नोंद आहे का? पोलीस थाण्याच्या रोजनामच्यात, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, आहे का? रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर नेलं त्या दिवशीच्या ऑर्डरशीटमध्ये आहे का? पहिली पेशी चोवीस तासांत होते, आणि जिल्हा कोर्टाच्या गॅलरीत गर्दी कशी असते ते तुम्ही पाहिलंच आहे. फिर्यादी त्या दिवशी कोर्टात कशाला आले होते? कधी त्यांची सही त्याच तारखेच्या एखाद्या अर्जावर सापडते, कधी मुद्देमालाच्या सुपुर्दनाम्यावर. मंगळसूत्र परत मिळावं म्हणून बाईंनी अर्ज केला असेल, तर त्याची तारीख आणि परेडची तारीख शेजारी ठेवून पाहा.

सांजदैनिकाचा फोटो हा तुमच्याकडचा सर्वांत ठोस मुद्दा आहे. सूर्यमूर्ती प्रकरणात १९८९ मध्ये नेमकं हेच होतं. परेडच्या आधी आरोपींचे फोटो स्थानिक वर्तमानपत्रांत आले होते, शिवाय ते काही दिवस लॉकअपमध्ये होते, तेव्हा साक्षीदारांना दाखवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून परेडला फारसं महत्त्व देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. २०२२ मध्ये केरळच्या गिरीशन नायर प्रकरणात परेडच्या आधीच साक्षीदारांना आरोपी पाहायची संधी मिळाली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण नुसता फोटो छापून आला हे पुरे नाही, तो रेकॉर्डवर आणावा लागतो. खटल्यात बचाव पक्षाने तो अंक हजर केला होता का? टीआयला (थाण्याच्या प्रभारी निरीक्षकाला) उलटतपासात विचारलं होतं का, की पत्रकार परिषद झाली आणि आरोपींना उघड्या चेहऱ्याने उभं केलं? हे झालं नसेल तर अपिलात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ खाली जादा पुराव्याचा अर्ज करावा लागेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४३२ आहे. हे कलम किती दूरवर जाऊ शकतं याचं उत्तम विवेचन वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी खटल्यातल्या २००४ च्या निकालात आहे. मात्र न्यायालयं हा अर्ज सहज मान्य करत नाहीत. खटल्यात हे का आणलं नाही याचं कारण द्यावं लागतं. सरकारी वकील म्हणतील वर्तमानपत्र हा ऐकीव पुरावा. त्याचं उत्तर असं, की बातमीतला मजकूर खरा होता हे आपल्याला दाखवायचंच नाही. या तारखेला हा चेहरा या पानावर छापला गेला, एवढंच दाखवायचं आहे, आणि त्यासाठी दैनिकाच्या कार्यालयातला माणूस अंक घेऊन आला की पुरतं.

आजकाल याहून मोठा प्रकार मोबाईलवर होतो. हवालदार आरोपीचा फोटो काढतो, फिर्यादीला व्हॉट्सॲपवर पाठवतो, 'हाच का?' विचारतो. त्याचा कुठेच कागद नसतो. तो सापडतो साक्षीदाराच्या उलटतपासात, आणि तिथेही वाचायची एक पद्धत आहे. आपल्याकडच्या साक्षी हिंदीत नोंदतात, आणि त्यात 'यह कहना गलत है कि' या वाक्यांची रांग असते. ती भराभर ओलांडून जा. 'यह कहना सही है कि' कुठे येतं ते शोधा. 'यह कहना सही है कि शिनाख्त के पहले थाने पर मुझे बुलाया था', 'यह कहना सही है कि पुलिसवालों ने बताया था कि आरोपी पकड़े गए हैं'. ही एक ओळ कितीतरी अपिलं फिरवते, आणि खालच्या कोर्टाच्या निकालपत्रात तिचा उल्लेख बहुतेक वेळा नसतो.

उशिराबद्दलही विचारता येतं, पण त्यावर फार विसंबू नका. सोनी प्रकरणात १९८२ मध्ये ४२ दिवसांचा उशीर आरोपीच्या पथ्यावर पडला. पण २००४ च्या प्रमोद मंडल प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की अमुक दिवस झाले की परेड बाद, असा काही आकडा नाही. उशिराचं कारण काय, आणि त्या उशिरात काय घडलं, हे विचारलं जातं. म्हणून पुन्हा तोच मधल्या दिवसांचा हिशोब.

परेडच्या आतलेही काही दोष आहेत, ते थोडक्यात. परेडला पोलीस हजर असतील आणि ती त्यांनीच चालवली असेल, तर ओळखीचं विधान पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं होतं आणि कलम १६२ त्याच्या आड येतं. पन्नासच्या दशकातला रामकिशन निकाल त्यावर आहे, आजचं कलम १८१. परेड घेणारे तहसीलदार साक्षीला आलेच नाहीत तर कागदाची किंमत फार उतरते. दोन-तीन आरोपी एकाच रांगेत उभे केले का तेही पाहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी मॅन्युअलमध्ये एका संशयितामागे निदान सहा इतर माणसं अशी पद्धत आहे. ती मध्य प्रदेशाला बांधील नाही, पण तुलनेसाठी सांगायला बरी. आणि तहसीलदारांनाच कोण संशयित ते ठाऊक असतं. परेड घेणाऱ्याला ते माहीत नसावं, असं मानसशास्त्राचे अभ्यासक कित्येक वर्षं सांगताहेत. आपल्या कायद्यात अजून तशी सक्ती नाही.

कलम ३९७ मुळे एक वेगळा मुद्दा तुमच्याकडे आहे, तो सोडू नका. या कलमाखाली किमान सात वर्षं द्यावीच लागतात, न्यायाधीशाला कमी करता येत नाहीत. पण १९७५ च्या फूलकुमार निकालापासून हे ठरलेलं आहे, की ३९७ त्यालाच लागतं ज्याने स्वतः घातक शस्त्र वापरलं. तिघांपैकी चाकू कुणाच्या हातात होता? परेडच्या पंचनाम्यात बाईंनी फक्त डोक्यावर हात ठेवला, की 'याने चाकू धरला होता' असंही सांगितलं? बहुतेक पंचनाम्यांत भूमिका लिहिलेलीच नसते. ओळख टिकली तरी भूमिकेची ओळख टिकली नाही, तर शिक्षा ३९२ वर, म्हणजे साध्या जबरी चोरीवर, येते. तिथे सात वर्षांची किमान अट नाही, आणि भोगलेल्या कालावधीवर सुटका मागता येते. हा मुद्दा 'पर्यायी' म्हणून स्वतंत्र लिहायचा. निर्दोषत्वाच्या मुद्द्याखाली दडवला तर तो वाचलाच जात नाही.

आता मंगळसूत्र. इथेच तुमचं प्रकरण अडेल किंवा सुटेल, म्हणून जरा थांबतो. ओळख कमकुवत असली तरी लुटीचा माल आरोपीकडून निघाला, तर न्यायालय दोन्ही जोडून शिक्षा कायम करतं. तेव्हा जप्ती आणि मालाची ओळख या दोन्ही तपासा. मेमोरेंडम (माल कुठे आहे ते आरोपीने सांगितल्याची नोंद) आणि जप्तीपत्रक यांवरचे पंच कोण? तेच दोघे त्याच थाण्याच्या इतर प्रकरणांत सापडतात का? ते फिरले का? मंगळसूत्र कुठून निघालं, घरातल्या कपाटातून की उघड्या माळावरच्या दगडाखालून? जप्त झाल्यावर ते सील केलं का, आणि मालखान्यातून शिनाख्तीपर्यंत, म्हणजे मालाची ओळख पटवेपर्यंत, सील तसंच होतं का?

मालाच्या शिनाख्तीत इंदुरात एक गंमत घडते. गंमत म्हणायची, पण माणूस त्यात आत जातो. फिर्यादी मराठी, मंगळसूत्र आपलं दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांचं. मिसळायला आणलेली चार मंगळसूत्रं सराफ्यातली, पेंडंटची. त्या ओळीत वाटीचं मंगळसूत्र लहान पोरही ओळखेल! त्याला मालाची ओळख म्हणता येत नाही. ती मराठी मंगळसूत्राची ओळख झाली. शिनाख्त पंचनाम्यात 'सारख्या दिसणाऱ्या वस्तू मिसळल्या' असं लिहिलेलं असतं, पण कशा दिसणाऱ्या ते नसतं. तहसीलदारांना उलटतपासात त्या वस्तू कुणी आणल्या, कुठून आणल्या, दिसायला कशा होत्या हे विचारलं असेल आणि 'मला आठवत नाही' असं उत्तर आलं असेल, तर ती ओळ अधोरेखित करून ठेवा. वाट्यांवर सोनाराची खूण होती का, एखादा मणी बदललेला होता का, पावती होती का, हेही बघायला हवं. बाईंनी एफआयआरमध्ये अशी एखादी खूण सांगितली असेल आणि ती जप्त वस्तूवर सापडली असेल, तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. तो पुरावा भारी आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, बाई खोटं कशाला बोलेल? ती खोटं बोलत नाहीये, आणि ती खोटं बोलते असं सुचवणारा बचाव हीच अशा खटल्यांतली सगळ्यात मोठी घोडचूक असते. चाकू समोर आला की नजर चाकूवर जाते, चेहऱ्यावर नाही. काही सेकंदांची भेट, रस्त्यावरचा पिवळा दिवा, मोटारसायकलचा उजेड डोळ्यांवर. मग तीन आठवड्यांनी पोलीस सांगतात, सापडले. मग वर्तमानपत्रात चेहरे दिसतात. आठवण ही ओल्या सिमेंटसारखी असते, त्यावर नंतर उमटलेला पायही तिचाच वाटायला लागतो. परेडमध्ये बोट ठेवल्यावर कुणी 'बरोबर' म्हटलं की खात्री वाढते, कोर्टात येईपर्यंत ती पक्की होते, आणि साक्षीदार पूर्ण प्रामाणिकपणे म्हणतो, हा चेहरा मी विसरूच शकत नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या कैद्यांच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत प्रत्यक्षदर्शींनी चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. इंग्लंडच्या न्यायालयाने १९७६ च्या टर्नबुल प्रकरणात म्हणूनच ज्युरीला सावध करण्याची सक्ती केली: किती वेळ पाहिलं, किती अंतरावरून, उजेड कसा, मधे अडथळा होता का, आधी ओळख होती का, घटना आणि ओळख यांत किती दिवस, पहिलं वर्णन आणि प्रत्यक्ष चेहरा यांत फरक आहे का. आपल्याकडे ज्युरी नाही, पण युक्तिवादाचं टिपण लिहिताना मी हेच प्रश्न याच क्रमाने घेतो. न्यायमूर्तींना बाईला खोटं ठरवायला सांगितलं की ते अवघडतात. तिची चूक होऊ शकते असं दाखवलं की ऐकतात.

दिराने परेडला नकार दिला असता तर? पुष्कळ जण हे विचारतात. नकार दिला की विरुद्ध अनुमान निघू शकतं, पण राजेश विरुद्ध हरियाणा या २०२० च्या निकालानुसार नुसत्या नकारावर शिक्षा उभी राहत नाही. त्याने परेडच्या वेळी 'मला आधीच दाखवलं आहे' असं तहसीलदारांना सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर पंचनाम्यात किंवा कलम ३१३ च्या जबाबात (आरोपीने न्यायाधीशांसमोर दिलेल्या उत्तरांत) ते आलं आहे का, ते पाहा. आरोपीने पहिल्या संधीला घेतलेली हरकत आणि वकिलाने अपिलात काढलेली हरकत यांत न्यायालय फरक करतं.

हे सगळं किती टोकाला जाऊ शकतं ते आपल्या महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाने दाखवलं. २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला, पाच जण मारले गेले. वाचलेल्या बाईने दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटो अल्बममधून चौघांना ओळखलं. त्या चौघांवर खटलाच झाला नाही. भटक्या समाजातल्या दुसऱ्याच सहा जणांना पकडलं, पुढे बाईने त्यांना ओळखलं, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, तीसुद्धा वर नेली. फाशीच्या प्रकरणांतले पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात ऐकायचे असं २०१४ मध्ये ठरल्यावर हे प्रकरण पुन्हा उघडलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकी पाच लाख भरपाईसह. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल सापडेल. त्यातला कळीचा कागद, म्हणजे अल्बममधून केलेली पहिली ओळख, सुरुवातीपासून फायलीत होता. तो काही नव्याने सापडला नाही.

तिसरा प्रश्न, अपील गेलं तर? आधी सध्याचं बघू. अपिलाच्या अंतिम सुनावणीला वेळ लागतो, म्हणून कलम ३८९, नवीन ४३०, खाली शिक्षा तहकुबीचा अर्ज आत्ताच लावा, लावून फेटाळला असेल तर काही काळाने पुन्हा लावा. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत हा अर्ज उदारपणे बघावा असं भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पैशाची अडचण असेल तर तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधिक सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. हायकोर्टाच्या विधिक सेवा समितीकडे जेलमधूनही अर्ज जातो.

हायकोर्टाने अपील फेटाळलं तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका. तिथे पुरावा पुन्हा तोलत बसत नाहीत. म्हणून जो दोष नजरेआड झाला तो एका पानात दिसायला हवा. हायकोर्ट स्वतःचा फौजदारी निकाल पुन्हा उघडू शकत नाही, जुनं कलम ३६२ आडवं येतं, नवीन ४०३. सर्वोच्च न्यायालयात पुनर्विलोकन आणि त्यानंतर उपचारात्मक (क्युरेटिव्ह) याचिका आहेत, पण त्या दारातून आत जाणारे मोजके. त्यानंतर राज्यपालांकडे दयेचा अर्ज, आणि शिक्षेत सूट. इंग्लंडमध्ये सगळी अपिलं संपल्यावर संशयास्पद शिक्षा तपासून पुन्हा न्यायालयाकडे पाठवणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून काम करतो. आपल्याकडे तसं काहीच नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदा सुचवला, त्यालाही नव्या संहितेत जागा मिळालेली नाही. म्हणून जे करायचं ते याच अपिलात, असं समजून चाला.

वकिलाकडे जाताना निकालपत्र एवढंच नेऊ नका. एफआयआर, फिर्यादी जोडप्याचे सगळे जबाब तारखांसह, गिरफ्तारी पंचनामा, पहिल्या महिन्याच्या रिमांडच्या ऑर्डरशीट, दोन्ही शिनाख्त पंचनामे, तहसीलदार, टीआय आणि फिर्यादी जोडपं यांच्या साक्षी, ३१३ चा जबाब, आणि तो सांजदैनिकाचा मूळ अंक, कात्रण नव्हे. रिमांडच्या ऑर्डरशीट पेपर बुकमध्ये, म्हणजे अपिलासाठी तयार केलेल्या कागदांच्या संचात, अनेकदा नसतात, त्यांची वेगळी नक्कल मागावी लागते. सुपुर्दनाम्याचा अर्ज असेल तर तोही.

आणि एक. सूट धरून दिराची शिक्षा अपिलाच्या आधीच पूर्ण झाली, तर कुणीतरी नक्की सांगेल की आता अपील मागे घ्या, सुटलाच ना. घेऊ नका. शिक्षा भोगून झाली तरी दोषसिद्धी तशीच राहते, सरकारी नोकरीपासून पोलीस पडताळणीपर्यंत सगळीकडे ती आडवी येते, आणि तो सुटून घरी आला असला तरी अपील गुणदोषांवर ऐकून घेण्याचा त्याचा हक्क शिल्लक असतो. दंड भरला असेल तर पावती जपून ठेवा. निर्दोष ठरला तर ती रक्कम परत मागता येते.